वायरमामा आणि पाच तासांचं उड्डाण

पावणेपाचला वायरमामांचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. उठले की आधी खिडकी उघडून हात बाहेर काढायचे आणि वारा कुठल्या बाजूचा ते बघायचे, मग चूळ भरायची. बायको म्हणायची, "अहो, तोंड तरी धुवा. वारा काय पळून जातोय?"

वारा पळून जातो, हे तिला बत्तीस वर्षांत पटलं नाही.

साडेपाचला मामा मैदानावर असत. मैदान ग्लायडर क्लबचं. गवताची लांबलचक पट्टी, एका टोकाला ग्लायडर, दुसऱ्या टोकाला बाराशे मीटरवर मामांची विंच. ग्लायडरला इंजिन नसतं. त्याला वर पाठवायला खाली माणूस लागतो. जुन्या ट्रकचं डिझेल इंजिन, त्याला जोडलेला ड्रम, ड्रमवर पोलादी वायर, आणि हे सगळं चालवायला जाळीच्या पिंजऱ्यात बसलेला माणूस. वायरचं टोक ग्लायडरच्या पोटाखाली अडकवायचं, ग्लायडरपाशी उभ्या माणसाने दाखवलेला दिवा भराभर लुकलुकला की लिव्हर पुढे रेटायचा. ड्रम फिरतो, वायर गुंडाळली जाते, आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. चारशे मीटरवर पायलट वायर सोडून देतो. तिथून पुढे तो आणि हवा.

सकाळचं पहिलं काम वायर तपासणं. चामड्याचा हातमोजा घालायचा आणि वायर मुठीतून सरकवत चालायचं. बाराशे मीटर जाताना, बाराशे येताना. तुटलेला एखादा तंतू मोज्याला टोचला की थांबायचं, तेवढा भाग कापायचा, जोड द्यायचा. उन्हं चढली की वायर हातात धरवत नाही, म्हणून हे सातच्या आत. क्लबने एकदा त्यांना सांगितलं होतं की गाडीत बसून तपासत जा, वेळ वाचेल. मामा म्हणाले, गाडीतून बघितलेली वायर बघितलेली नसते. ते चालतच राहिले.

एवढी काळजी कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. मामा घाबरत होते म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एकदा इंजिन ठसकलं होतं. ग्लायडर साठ मीटरवर, नाक आभाळाकडे. ओढ गेली. पायलटला नाक खाली घ्यायला दोन सेकंद उशीर झाला. ग्लायडर एका पंखावर कलंडून खाली आलं. माणूस वाचला. पायाची दोन हाडं मोडली, वर्षभराने तो पुन्हा उडायलाही आला, मामांना म्हणाला, "तुमची काही चूक नाही." मामांनी मान हलवली. पण त्या दिवसापासून प्रत्येक वेळी लिव्हरला हात लावताना त्यांचं तोंड कोरडं पडायचं. दिवसाला तीस वेळा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घाबरलेला माणूस विंचवर ठेवत नाहीत.

त्या अपघातातून ते एक गोष्ट शिकले. विंचवर माणूस मरतो तो बहुतेक वेळा जास्त ओढल्याने नाही, कमी ओढल्याने. हात आखडला की घात.

मग त्यांच्या लेकीने ग्लायडर शिकायचं काढलं.

पोरगी क्लबच्याच वर्कशॉपमध्ये कामाला होती. पंख घासायचे, पुटी भरायची, पुन्हा घासायचे. आठ तास घासले की एक तास उड्डाण, असा तिचा आणि मास्तरांचा करार. मास्तर म्हणजे क्लबचे मुख्य शिक्षक. पहिल्या दिवशीच मामा मास्तरांकडे गेले.

"एक मागणं आहे. ती कुठल्या ग्लायडरमध्ये बसलीय ते मला सांगू नका."

"का हो मामा?"

"मला फक्त दिवा दाखवा. मी दिवा ओढीन."

मास्तर हसले नाहीत. बाराशे मीटरवरून चेहरा दिसत नाही, दिसतो तो दिवा. मास्तरांनी शब्द पाळला. उड्डाणांचा क्रम रोज बदलायचे, तिला कधी या ग्लायडरमध्ये बसवायचे कधी त्या. ती पहिल्यांदा एकटी उडाली ते मामांना संध्याकाळी घरी कळलं. दीड वर्ष असं चाललं. मामांनी तिला दोनशे वेळा तरी ओढलं असेल, आणि एकदाही ती आहे म्हणून ओढलं नाही.

पुढचं प्रमाणपत्र हवं तर पाच तास न उतरता हवेत राहून दाखवायचं होतं. इंजिन नाही, तेव्हा पाच तास राहायचं ते वर चढणाऱ्या गरम हवेच्या जोरावर. मैदानावर त्याला थर्मल म्हणत. मामा 'फुगा' म्हणत.

मामा आयुष्यात कधी उडाले नव्हते, पण फुगे कुठून सुटतात ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बत्तीस वर्षं एकाच जागी बसून दुसरं काय बघणार? ऊन सगळीकडे सारखं पडतं, जमीन मात्र सारखी तापत नाही. कुंपणापलीकडच्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर साडेदहाला तापतं. त्यामागचं नांगरलेलं रान अकराच्या सुमारास. ट्रक उभे राहतात तो डांबरी चौक बाराला. तळ्यावरून दिवसभर काही सुटत नाही. तापलेल्या जागेला चिकटलेली हवा गरम होते, हलकी होते, तरी लगेच उठत नाही. पातेल्याच्या तळाशी बुडबुडा चिकटून राहतो, तशी थांबते. मग एखादी झुळूक लागते, नाहीतर ट्रक जातो, आणि सुटते. गवताच्या काड्या गोल फिरत वर जातात. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, जी इतका वेळ मरगळून लोंबत असते, ती त्या जागेकडे शेपूट वळवते, कारण वर गेलेल्या हवेची जागा घ्यायला आजूबाजूची हवा धावते. आणि घारी पंख न हलवता घिरट्या घालत चढायला लागतात. ग्लायडरवाल्यानेही घारीसारखंच करायचं. वर चढणाऱ्या हवेच्या त्या खांबाच्या आत राहून गोल फिरायचं. बाहेर पडलात की हवा खाली दाबते.

त्या दिवशी सकाळी घरातून निघताना पोरगी बूट बांधत विचारत होती, "बाबा, आज पहिला फुगा कुठला?"

"गोदाम. रात्री आभाळ मोकळं होतं, जमीन गार आहे. अकराच्या आधी नाही."

"आणि मग?"

"मग रान. दुपारी ढगांच्या खाली राहा. फुगा जिथवर जातो तिथे ढग धरतो."

"ते मास्तरांनी शिकवलंय."

"मास्तरांना कुणी शिकवलं?"

ती हसली. मामा हसले नाहीत. आज लपवाछपवी नव्हती. पाच तासांसाठी एका माणसाचं ग्लायडर, शेपटीवर तांबडा पट्टा, पहिला क्रमांक तिचा. मैदानावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं आत कोण आहे.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दिवा लुकलुकला.

मामांनी लिव्हर रेटला. वायर ताठ झाली, तांबडा पट्टा हलला, उचलला. तीस मीटर. पन्नास. नाक वर. आणि त्या क्षणी मामांच्या डोळ्यांपुढे दिवा नव्हता, सकाळी बूट बांधणारी पोरगी होती. आणि हात, जो बत्तीस वर्षांत कधी चुकला नव्हता, तो आपोआप मागे आला. दोन बोटं. जपून, हळू, धक्का नको, म्हणून. ग्लायडर थबकल्यासारखं झालं. पंख डावी-उजवीकडे हलले. ओढ कमी पडतेय, अशी ती खूण.

मामांना ती दिसली. हात मात्र हलेना.

सत्तर मीटरवर तिने नाक खाली घेतलं, वायर सोडली आणि समोरच पट्टीवर उतरली. नीट उतरली. मामांनी इंजिन बंद केलं तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

ती पाचशे मीटर चालत विंचपाशी आली. जाळीला हात लावून उभी राहिली.

"बाबा, डुलकी लागली होती का?"

"इंजिन जरा..."

"इंजिनावर ढकलू नका. ते बिचारं तुमच्यापेक्षा शहाणं आहे."

मामांनी लिव्हरवरचा हात काढून घेतला.

"मला जपायला गेलात आणि खाली पाडत होतात. कळतंय का?"

"कळतंय."

"माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर?"

"तर ओढलं असतं."

"मग मी दुसरीच कुणीतरी आहे असं समजा. तुमच्याकडे कुणी बाहेरचा पायलट येत नाही का, तशी." तीही घाबरली होती. मग ती वळून चालायला लागली. पुन्हा पाचशे मीटर, आणि त्यापुढे सातशे.

वायर परत नेऊन जोडायला अर्धा तास गेला. अकरा बेचाळीसला दिवा लागला. मामांनी दातावर दात दाबले आणि दिवा ओढला. शंभर मीटरवर गोदामावरचा फुगा सुटून पट्टीवर आला, ग्लायडर उसळलं, शेपूट डावी-उजवी झाली. वेग जास्त, अशी खूण. मामांनी लिव्हर केसभर मागे घेतला, जेवढा घ्यायचा तेवढाच. चारशे वीस मीटरवर वायर सुटली. तांबडा पट्टा गोदामाकडे वळला आणि पहिल्या घारीच्या मागून गोल फिरू लागला.

चार बेचाळीसपर्यंत राहायचं होतं.

मामांनी त्या दुपारी आणखी सतरा ग्लायडर ओढले. सतराही नीट. प्रत्येक ओढीनंतर ते पिंजऱ्यातून बाहेर येऊन मान वर करायचे. एक वाजता ती रानावर होती. दोनला दूर, ढगांच्या पांढऱ्या रांगेखाली, डासाएवढी. डबा उघडला नव्हता.

सव्वातीनला त्यांनी ती गोष्ट पाहिली. तिच्या बाजूचा एक ढग इतरांसारखा राहिला नव्हता. फुलकोबीसारखा वरवर फुगत होता, आणि खालची सपाट बाजू राखाडी होत चालली होती. फुगा वर जातो तसा गार होतो, त्यातल्या वाफेचे थेंब होऊन ढग होतो. पण थेंब होताना वाफ ऊब सोडते. हवा दमट असली तर त्या उबेने फुगा आणखी वर जातो, खालून आणखी हवा ओढतो. मग तो फुगा राहत नाही. ती विंच होते, आणि तिच्या लिव्हरवर कुणाचा हात नसतो.

पायाशी रेडिओचा सेट होता. उचलून मास्तरांना सांगायचं, तिला बोलवा. एक वाक्य.

मामांनी सेट उचलला आणि परत ठेवला. सकाळी त्यांच्या भीतीने हात मागे खेचला होता. आताही तीच भीती बोलत असेल तर? तिचे पाच तास दुसऱ्यांदा बुडवायचे? मास्तर आहेत, त्यांना दिसत असेल. मामा स्वतःला असं समजावत राहिले आणि बघत राहिले. ढगाचं पोट काळं झालं. गवतावरचा वारा मेला. घारी उतरून कुंपणाच्या खांबांवर बसल्या. घारी बसल्या तेव्हा मामांनी सेट उचलला. वीस मिनिटं गेली होती.

"मास्तर, तिला खाली घ्या."

"बघतोय मामा. सगळ्यांना बोलावतोय."

इतर तिघे दहा मिनिटांत उतरले. मग सेटवर तिचा आवाज आला. शांत, फार शांत.

"मास्तर, ब्रेक पूर्ण उघडलेत. तरी वर चाललेय."

पंखांवरच्या ब्रेकच्या पट्ट्या उघडल्या की ग्लायडर दगडासारखं खाली येतं. ती उघडून वर चालली होती. 

"किती?" मास्तर म्हणाले.

"सेकंदाला चार मीटर. ढगाचा तळ जवळ आलाय."

"नाक उन्हाच्या बाजूला. वेग वाढव. घाबरू नकोस, ढगाच्या कडेला हवा खाली येते, ती मिळेल."

"ऊन दिसत नाहीये."

नंतर काही नाही. मास्तर हाक मारत राहिले. खरखर. मामा विंच सोडून पट्टीवर आले होते. विंच सोडायची नसते, तरी. गार वारा एकदम उलट बाजूने आला, पिशवी फाडफाड वाजायला लागली. मामांना वाटलं आपण खाली बसावं. बसले नाहीत. बसलो तर उठवणार नाही, एवढं कळत होतं. ते उभे राहून ढगाच्या उजव्या कडेकडे बघत राहिले, तिथे थोडं ऊन होतं म्हणून. घड्याळ बघितलं नाही.

मास्तरांनी नंतर सांगितलं, बावीस मिनिटं.

तांबडा पट्टा ढगाच्या कडेतून निघाला तेव्हा आधी मामांना दिसला. हात वर केला. मास्तर सेटवर सांगत होते, वारा फिरलाय, उलट बाजूने उतर. ती उलट बाजूने उतरली. ग्लायडर थांबल्या थांबल्या मामा पंखावर ओणवे पडले, वाऱ्याने उलटू नये म्हणून. साठ वर्षांचा माणूस सहाशे मीटर पळत आला होता.

चार वाजून वीस मिनिटं.

झाकण उघडून ती बाहेर आली. ओठ पांढरे.

"पाणी आहे?"

मामांनी बाटली दिली. पाणी अर्धं सांडलं.

"पाच झाले नाहीत ना?"

"चार तास अडतीस मिनिटं," मास्तर म्हणाले. "बास झालं. जिवंत आहेस."

मामांनी मनात हिशोब केला. अकरा दहाला हात आखडला नसता तर पाच तास दहा मिनिटं भरली असती. वेळ भरत आली म्हणून ती आधीच ढगापासून दूर राहिली असती की नाही, देव जाणे. पण पाच झाले असते. ते त्यांनी तिला सांगितलं. लपवायचं काही उरलं नव्हतं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी वर बसून तेच मोजत होते, तुम्हाला शिव्या देत. मग ढगात गेले आणि विसरले."

"ढगात काय झालं?"

"पांढरं. सगळीकडे पांढरं. वर खाली कळेना. पंख वाकत होते बाबा. आवाज येत होता."

"तुटले असते तर?"

"पॅराशूट नव्हतं," ती म्हणाली. मास्तरांनी खाली बघितलं. ग्लायडरमधून उडी मारायची तर पाठीला पॅराशूट लागतं. क्लबकडे दोनच होती, आणि ती दोन माणसांच्या ग्लायडरमध्ये, शिक्षक आणि शिकणाऱ्याच्या पाठीला. एकट्याने उडणाऱ्याने आपलं आपण आणायचं. कुणी आणत नसे, महाग असतं. मामांनी हे पहिल्यांदा ऐकलं. बत्तीस वर्षं ते माणसांना वर पाठवत होते, आणि परत येण्याचा दुसरा रस्ता किती जणांकडे आहे हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात त्यांनी मास्तरांना सांगितलं की मोसम संपला की मी थांबतो. मास्तर म्हणाले, "एका चुकीसाठी?"

"दोन झाल्या. एकदा भीतीचं ऐकलं, एकदा ऐकलं नाही. आता मला कळत नाही कधी ऐकायचं. अशा माणसाने लिव्हर धरू नये."

उरलेले दोन महिने ते आले. वायर रोज चालत तपासली. पोरीच्या वेळी क्लबने घेतलेल्या नव्या विंचवाल्याला बसवायचे आणि स्वतः पट्टीच्या कडेला उभे राहायचे, त्याच्या हाताकडे बघत. तो घाबरत नव्हता. मामांना त्याचीच जास्त भीती वाटायची. तिने तिसऱ्या प्रयत्नात पाच तास पूर्ण केले, आभाळात एकही काळा ढग नसताना. मामा पूर्ण वेळ उभे होते. संध्याकाळी गुडघे सुजले.

नोकरी सुटताना इतक्या वर्षांची साठलेली रक्कम एकदम हातात आली. बायकोने स्वयंपाकघराच्या गळक्या छताचं नाव काढलं. मामा म्हणाले, छत करू, आधी एक काम आहे. दोन बस बदलून ते एका दुकानात गेले. दुकानदाराने पॅराशूट पुढे ठेवलं. मामांनी शिवण बोटांनी चाचपली, टोकापासून टोकापर्यंत, दोन वेळा. दुकानदार कंटाळला.

"काका, ते तपासलेलं आहे."

"कुणी?"

"कंपनीने."

"मग मी पण तपासतो."

पट्टे स्वतःच्या अंगावर चढवले, ओढून बघितले, पोरीच्या मापाने आखडून घेतले. मुठीची कडी एका हाताने सुटेल का, हात थरथरत असताना सुटेल का, ते विचारलं. सुटेल, दुकानदार म्हणाला. मामांनी स्वतःचा हात पुढे करून दाखवला. तो थरथरतच होता. दुकानदाराने शिकवायचं पॅराशूट आणलं, त्याची कडी मामांकडून ओढवून घेतली. सुटली.

घरी बायकोने गाठोडं बघितलं. "छत मागितलं होतं मी. तुम्ही छत्री आणलीत."

"छतही होईल."

"कशातून?"

बत्तीस वर्षांच्या पगारातून जे उरलं होतं, ते सगळं त्या गाठोड्यात गेलं होतं. तिने वजन बघायला ते उचललं, खाली ठेवलं, आणि पोरीच्या खोलीत नेऊन खुंटीला अडकवलं. त्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, वजन सहा किलो सातशे.